धुण्याची पावडर घरी करावी का? हिशेब, कृती आणि काळजी



आरोग्याच्या पानावर यावेळी धुण्याच्या साबणाचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण या एका विषयात तीन गोष्टी गुंतल्या आहेत. पहिली पैसा. वस्तीतल्या घरात धुण्याची पावडर रोज लागते आणि बहुतेक घरांत ती रोज पुडीनेच येते. दुसरी कातडी. हाताला भेगा, बोटांच्या बेचक्यांत खाज, नखाच्या कडेला पू, लहान बाळाच्या जांघेत लाल पुरळ, या तक्रारींचा धुण्याशी जवळचा संबंध आहे. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. घरी साबण करण्यासाठी आणलेले कॉस्टिक किंवा ॲसिड लहान मुलाच्या पोटात जाते, तेव्हा वाचवलेल्या पन्नास रुपयांची किंमत त्या मुलाला जन्मभर मोजावी लागते.

सध्या मोबाईलवर ‘घरी पावडर बनवा, पैसे वाचवा’ असे व्हिडिओ फिरतात. बचत गटांच्या बैठकीतही हा विषय निघतो. त्यातले काही उपयोगी आहे, काही निरुपयोगी आहे आणि काही सरळ धोक्याचे आहे. ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी, आपल्या अनुभवाला उतरली तरच स्वीकारावी, ही आपल्या धम्माची शिकवण आहे. साबणालाही तीच कसोटी लावू.

कापड, खार आणि धम्म

कापड धुण्याची उपमा पाली साहित्यात अनेकदा येते. मळक्या कापडाला रंग नीट चढत नाही, तसे मळलेल्या चित्ताचे असते, असे एका सुत्तात सांगितले आहे. दुसऱ्या एका सुत्तात परीट मळके कापड खारी माती, खार किंवा शेण लावून चोळतो आणि स्वच्छ पाण्यात खळबळतो, असे वर्णन आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी या देशात कापड धुवायला खार वापरत होते. आपल्या आज्या-पणज्या लाकडाची राख पाण्यात कालवून, वरचे निवळ पाणी घेऊन धुणे धूत, तोही खारच. आज दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा हा त्याच जातकुळीचा पदार्थ आहे.

स्वच्छतेचा विषय आपल्या समाजात मात्र साधा राहिलेला नाही. ‘घाणेरडे’ हा शब्द आपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या फेकला गेला. पाणवठा बंद, अनेक गावांत परीट कपडे घेत नसे, आणि वर अस्वच्छतेचा ठपका. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडच्या परिषदेला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले की कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण तो स्वच्छ असावा. अस्पृश्यतेची खूण सांगणारा पेहराव आणि दागिने टाकून द्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी स्वच्छ राहायला शिका, असे आवर्जून सांगितले. कोणी आपल्याला स्वच्छ म्हणावे म्हणून हे सांगणे नव्हते. स्वच्छता आपल्या शरीरासाठी आणि स्वाभिमानासाठी आहे. म्हणून ती स्वस्तात आणि इजा न होता कशी करता येईल, हे समजून घेणे आपलेच काम आहे.

मळ निघतो कसा?

कपड्यावरचा मळ म्हणजे नुसती धूळ नसते. अंगाचे तेल, घाम आणि स्वयंपाकाचा तेलकटपणा यांत धूळ चिकटून बसते. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने कॉलर आणि बाह्या निघत नाहीत. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. तो तेलाभोवती जमतो आणि चोळताना मळ पाण्यात ओढून आणतो.

इथे साबण आणि डिटर्जंट यांतला फरक लक्षात घ्या. साबण तेल किंवा चरबीपासून होतो. डिटर्जंट कारखान्यात रसायनांपासून होते. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी जुळून दह्यासारखा फाटतो, फेस येत नाही आणि ती राखाडी साय कपड्यावर बसते. डिटर्जंट जड पाण्यातही काम करते, म्हणून ते घरोघर पोचले. धुण्याचा सोडा पाण्यातला चुना आधीच बाजूला करतो आणि साबणाला मोकळे काम करू देतो. घरच्या पावडरीत साबणाबरोबर सोडा लागतो तो यासाठी.

आपले पाणी जड आहे का, हे घरीच पाहता येते. एका स्वच्छ बाटलीत अर्धे पाणी घ्या. साबणाचा छोटा कीस टाका, झाकण लावून जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खालचे पाणी बऱ्यापैकी निवळ राहिले तर पाणी मऊ. फेस कमी, पाणी दुधाळ आणि वर साय तरंगली तर पाणी जड. पावसाचे पाणी मऊ असते. पावसाळ्यात त्याच्याशी ताडून पाहिले की फरक लगेच कळतो.

आणखी एक समज काढून टाका. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. जास्त फेस म्हणजे खळबळायला जास्त पाणी. जिथे नळाला तासभर पाणी येते आणि हंड्यांची रांग लागते, तिथे जास्त फेसाची पावडर परवडत नाही.

आधी हिशेब, मग किसणी

घरी पावडर करण्याआधी वही-पेन घ्या. पुढचे भाव फक्त समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या दुकानातले भाव घालून गणित पुन्हा करा.

समजा, १० रुपयांच्या पुडीवर ८० ग्रॅम लिहिले आहे. १० ला ८० ने भागा आणि १००० ने गुणा. भाव झाला १२५ रुपये किलो. त्याच पावडरीचे एक किलोचे पाकीट समजा १०० रुपयांना आहे. रोज एक पुडी म्हणजे महिन्याला ३०० रुपये आणि पावडर २ किलो ४०० ग्रॅम. तेवढीच पावडर मोठ्या पाकिटाने घेतली तर २४० रुपये. महिन्याला ६० रुपये, वर्षाला ७२० रुपये केवळ पुडीमुळे जास्त गेले. ज्याच्या हातात एकदम शंभर रुपये नाहीत, त्यालाच वस्तू महाग पडते. गरिबीवर बसलेला हा कर आहे.

आता घरच्या पावडरीचा हिशेब. समजा धुण्याचा साबण १०० रुपये किलो आणि धुण्याचा सोडा ६० रुपये किलो. दोन्ही अर्धा-अर्धा किलो घेतले तर एक किलो पावडरीला ८० रुपये लागले. एका बादलीला साधारण २५ ग्रॅम धरले तर एक किलोत ४० बादल्या, म्हणजे बादलीला २ रुपये.

या ८० रुपयांची तुलना १२५ रुपयांच्या पुडीशी केली तर ४५ रुपये वाचतात. १८० रुपये किलोच्या पावडरीशी केली तर १०० रुपये वाचतात. पण बाजारातली सर्वांत स्वस्त पावडर समजा ७० रुपये किलो असेल, तर घरची १० रुपयांनी महाग पडते. म्हणून ‘घरचे ते स्वस्तच’ असे डोळे मिटून मानू नका. जी पावडर तुम्ही आज वापरता, तिच्याशीच तुलना करा. स्वस्त पावडरीत सोड्याचा भाग बहुधा जास्त असतो, त्यामुळे ती हाताला जास्त चरचरते, हेही हिशेबात धरा.

घरची पावडर उपयोगी कोणाला? ज्यांचे पाणी मऊ किंवा मध्यम आहे, कपडे हाताने धुतले जातात आणि सध्या पुडीची किंवा महागडी पावडर येते, त्यांना. पाणी फार जड असेल तर साधी डिटर्जंट पावडर मोठ्या पाकिटात घेऊन मापाने वापरणे जास्त फायद्याचे. कपडे धुण्याचे यंत्र असेल तर साबणाचा थर आत साठतो, तिथे ही पावडर वापरू नये.

कृती पहिली : साबण-सोडा पावडर

साहित्य : धुण्याच्या साबणाची वडी ५०० ग्रॅम, धुण्याचा सोडा ५०० ग्रॅम.

वडी घेताना वेष्टन वाचा. आज दुकानातल्या बऱ्याच निळ्या-हिरव्या वड्या डिटर्जंटच्या असतात, साबणाच्या नसतात. वेष्टनावर ‘साबण’ लिहिलेले असावे. टीएफएमचा आकडा दिला असेल तर तो जितका जास्त, तितका साबणाचा अंश जास्त. सोडा घेताना ‘धुण्याचा सोडा’ असे स्पष्ट मागा. खाण्याचा सोडा वेगळा आणि धुण्याच्या कामाला फार मवाळ. कॉस्टिक सोडा तर पूर्ण वेगळा आणि जहाल. तो घ्यायचाच नाही.

१. वडी जुन्या किसणीवर किसा. स्वयंपाकाची किसणी वापरू नका. या कामाची किसणी कायमची वेगळी ठेवा.

२. कीस कागदावर पसरून सावलीत दोन दिवस वाळवा. बोटाने दाबल्यावर चुरा झाला पाहिजे. ओला राहिला तर पावडरीचे गोळे होतात.

३. नाका-तोंडाला रुमाल बांधा, हातात मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घाला. दाराजवळ मोकळ्या हवेत बसा, मुलांना लांब ठेवा. वाळलेला कीस आणि सोडा हळूहळू एकत्र करा. सोड्याची धूळ नाकात गेली की शिंका आणि खोकला येतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे काम करू नये.

४. मिश्रण कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘कपडे धुण्याची पावडर – खाऊ नये’ असे लिहा. डबा मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. पीठ, मीठ, साखरेच्या डब्यांशेजारी ठेवू नका.

वापरताना दोन सपाट मोठे चमचे पावडर एक तांब्या गरम पाण्यात काठीने ढवळून विरघळवा. मग बादलीत ओतून दहा लिटरपर्यंत पाणी घाला. साबण गार पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका. कपडे अर्धा तास भिजवा. रात्रभर भिजवल्याने जास्त निघतात असे नाही. सुटलेला मळ पुन्हा कपड्यात बसतो आणि कुबट वास येतो. नंतर कॉलर, बाह्या, पायाचे काठ चोळा आणि दोन पाण्यांत खळबळा. पाणी जड असेल तर बादलीत आधी एक चमचा नुसता सोडा टाकून पाच मिनिटे थांबा, मग विरघळलेला साबण घाला.

रेशीम, लोकर आणि जरीच्या साड्यांना सोडा चालत नाही. गडद नवा रंग असेल तर कापडाच्या कोपऱ्यावर आधी करून पाहा.

कृती दुसरी : पातळ साबण

ज्यांना पावडरीची धूळ नको, त्यांनी हे करावे. २०० ग्रॅम साबणाचा कीस एक लिटर पाण्यात मंद आचेवर पूर्ण विरघळवा. गॅस बंद करा. त्यात २०० ग्रॅम धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकून ढवळा. मग चार लिटर साधे पाणी घालून पुन्हा ढवळा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी खळीसारखे दाट होते. दहा लिटरच्या बादलीला दीड ते दोन पेले पुरे. दर वेळी आधी ढवळून घ्या.

भांडे स्टीलचे घ्या. जर्मलच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा खातो. आणि हे कधीही शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नका, एक दिवसासाठीसुद्धा नाही. वस्तीतल्या अपघातांची सुरुवात अशाच बाटलीने होते.

कृती तिसरी : रिठ्याचे पाणी

दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून टाका. टरफले एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळा आणि गाळून घ्या. लोकर, रेशीम आणि ज्यांचे हात सोड्याने फुटतात त्यांच्यासाठी हे चांगले. पण तेलकट मळ आणि कामावरच्या कपड्यांना ते कमी पडते. दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून थोडेच करा. डोळ्यात गेले तर खूप चुरचुरते; लगेच पाण्याने धुवा.

हे करून उपयोग नाही

सोड्यात व्हिनेगर किंवा लिंबू घालून फेस दाखवणारे व्हिडिओ आहेत. फेस दिसतो, पण दोघे एकमेकांचा जोर मारतात आणि धुण्याला काही उरत नाही. तुरटी घातल्याने साबण फाटतो. मीठ घातल्याने पावडर वजनाने वाढते, गुणाने नाही. जंतुनाशक द्रव रोजच्या कपड्यांना लागत नाही. साबण, भरपूर खळबळणे आणि कडक ऊन पुरेसे आहे.

हे घरी करू नका

पहिले, ॲसिड स्लरी. पावडर बनवण्याच्या अनेक ‘प्रशिक्षणांत’ काळपट, दाट द्रव सोड्यात ओतायला शिकवतात. ते जहाल आम्ल आहे. सोड्यात पडताच ते तापते, उसळते, अंगावर उडते. कारखान्यात चष्मा, जाड मोजे आणि हवेशीर जागा असते. दहा बाय दहाच्या खोलीत, शेजारी चूल आणि रांगणारे मूल असताना हे काम करायचे नाही.

दुसरे, कॉस्टिक सोडा. वापरलेल्या तेलापासून साबण करताना तो लागतो. त्याचे पांढरे खडे मुलांना खडीसाखर वाटतात. जिभेला लागताच तोंड, घसा आणि अन्ननलिका भाजते. पुढे अन्ननलिका आकसून मुलाला घास गिळता येत नाही, वारंवार दवाखाना आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. दवाखान्यात काम केलेल्या कोणालाही विचारा, हे दृश्य विसरता येत नाही.

तिसरे, ब्लिचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये मिसळणे. त्यातून क्लोरीन वायू निघतो. डोळे झोंबतात, छाती भरते, बंद जागेत जीव जाऊ शकतो. सफाईचे काम करणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे. दोन बाटल्या एकत्र केल्याने जास्त स्वच्छ होत नाही.

चौथे, ‘यंत्र घ्या, घरी पावडर करा, माल आम्हीच परत घेऊ’ अशा जाहिरातींना भुलून कर्ज काढू नका. माल परत घेण्याचा करार कागदावर आहे का, आधीच्या किती बायकांचा माल खरोखर घेतला, हे त्यांच्या घरी जाऊन विचारा.

अपघात झालाच तर

पोटात गेले तर उलटी करवू नका. भाजणारा पदार्थ वर येताना पुन्हा भाजतो. मिठाचे पाणी, लिंबू, ताक काही पाजू नका. तोंड पाण्याने धुऊन थुंकायला लावा आणि ताबडतोब १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. बाटली किंवा पुडी सोबत न्या. डॉक्टरांना पदार्थ कळला की उपचार लवकर सुरू होतात. मूल रडायचे थांबले, ठीक दिसते, म्हणून घरी थांबू नका.

डोळ्यात गेले तर चोळू नका. पापणी उघडी धरून तांब्याने स्वच्छ पाण्याची धार किमान पंधरा ते वीस मिनिटे सोडा, मग दवाखान्यात जा. पिण्याचे पाणी संपेल म्हणून हात आखडू नका.

अंगावर पडले तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा. हळद, टूथपेस्ट, तूप लावू नका.

हात सांभाळा

वस्तीतल्या कितीतरी भगिनी चार-पाच घरची धुणी-भांडी करून येतात आणि मग घरचे धुणे काढतात. दिवसाचे पाच-सहा तास हात साबणात असले की कातडीचे तेल निघून जाते, भेगा पडतात, खाज सुटते. हा ओल्या कामाचा एक्झिमा आहे. भेगांतून जंतू शिरले की नखुरडे होते.

उपाय साधे आहेत. पावडर हाताने न ढवळता काठीने ढवळा. रबरी मोजे मिळाले तर वापरा. ज्यांच्या घरी काम करता, त्यांच्याकडे मोजे मागणे हा तुमचा हक्क समजा. काम झाल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. रात्री झोपताना पुन्हा लावा. अंगठीखाली साबण साचतो, म्हणून धुताना अंगठी काढा. नख ठणकत असेल, पू असेल किंवा मधुमेह असेल तर घरी सुईने टोचू नका, दवाखान्यात दाखवा.

हात वाचवण्याचा आणखी एक उपाय आहे, तो म्हणजे काम वाटून घेणे. आपले कपडे आपण धुणे मुलगे आणि पुरुष यांनाही जमते. समतेची सुरुवात घरच्या मोरीपासून व्हायला हरकत नाही.

आजारात धुणे कसे करावे

भगवान बुद्धांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या एका आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, आणि ज्याला माझी सेवा करायची त्याने आजाऱ्याची करावी, असे भिक्खूंना समजावले, हा प्रसंग आपण जाणतो. आजाऱ्याचे कपडे धुणे हे कमीपणाचे काम नाही, फक्त पद्धतीने करावे.

जुलाबाचे कपडे : घाण आधी संडासात टाका, कपडे वेगळे ठेवा. पांढरे सुती कपडे दहा लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर निवळून, त्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग नेहमीसारखे धुवा. रंगीत कपड्यांना उकळते पाणी वापरा. हे कपडे पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ धुऊ नका. नंतर हात साबणाने धुवा.

खरूज : घरातल्या सर्वांनी डॉक्टरांनी दिलेले औषध एकाच दिवशी लावावे. त्या दिवशीचे कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. गोधडीसारखे धुता न येणारे कापड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस, शक्य तर आठवडाभर ठेवावे. एकट्या मुलालाच औषध लावले तर खरूज घरात फिरत राहते.

गजकर्ण, नायटा : टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे ठेवा, रोज धुवा, पूर्ण वाळल्यावरच घाला. मेडिकलमधून कोणतीही ट्यूब आणून लावू नका; त्यातल्या अनेकांत स्टेरॉइड असते, आधी बरे वाटते आणि मग आजार पसरतो.

पाळीचे कापड : रक्ताचा डाग आधी गार पाण्यात धुवा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. मग साबण लावून, चांगले खळबळून उन्हात वाळवा. लाजेपोटी दुसऱ्या कपड्याखाली, ओलसर कोपऱ्यात वाळवलेले कापड खाज आणि संसर्ग देते. ऊन कोणाच्या मालकीचे नाही.

बाळाचे कपडे : सोडा कमीत कमी, आणि खळबळणे एक पाणी जास्त. लंगोटात राहिलेला साबण हेही पुरळाचे एक कारण असते.

पांढऱ्या कपड्यांचे काय?

वैशाख पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. आपल्याकडे पांढरे कपडे सतत लागतात. बाजारच्या पावडरीत चमक आणणारे द्रव्य असते, ते घरच्या पावडरीत नाही. म्हणून घरी धुतलेला पांढरा कपडा स्वच्छ असूनही थोडा कमी उजळ दिसेल. नीळ पिवळेपणा लपवते, मळ काढत नाही. पांढरे वेगळे भिजवा, गरम पाणी वापरा, उन्हात वाळवा. दर वेळी ब्लीच लावलेत तर सुती कापड विरते.

वस्तीने मिळून

एकट्या घराने किसणी घेऊन बसण्यापेक्षा दहा घरांनी मिळून विचार केला तर फायदा वाढतो. सोड्याची गोणी साधारण ५० किलोची असते. बचत गटाने ती घाऊक दुकानातून आणून, विहारात वजन-काट्यावर सर्वांसमोर वाटून घ्यावी आणि वहीत लिहावी. डिटर्जंटही मोठ्या पाकिटात असेच घेता येईल. पुडीवर जाणारा पैसा थांबवण्याचा हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, त्यात काही शिजवावेही लागत नाही. विहाराच्या गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत कपडे वाळवायला सामाईक दोऱ्या बांधता आल्या, तर अंधाऱ्या खोल्यांतल्या घरांची मोठी सोय होईल.

खळबळलेले शेवटचे पाणी संडासात ओतायला वापरा. पाण्याची पिंपे झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, म्हणजे डेंग्यूच्या डासांना जागा मिळणार नाही.

थोडक्यात सांगायचे तर पुडीचा भाव किलोने काढा. चमच्याने मोजून टाका. साबण-सोडा जमला तर करा, पाणी जड असेल तर हट्ट करू नका. कॉस्टिक आणि ॲसिड उंबऱ्याच्या आत आणू नका. हात जपा. आणि महिन्याला जे साठ-सत्तर रुपये वाचतील, ते दुसऱ्या वस्तूत विरू देऊ नका. वेगळ्या डब्यात टाका. वर्षाच्या शेवटी त्यातून मुलीची वह्या-पुस्तके येतील. या महिन्यात प्रत्येकीने आपल्या घरच्या पावडरीचा हिशेब मांडून पाहावा आणि पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात सर्वांना वाचून दाखवावा.

जय भीम! नमो बुद्धाय!